विकासजीवशास्त्राच्या कोर्सचं पहिल्या दिवशी द्यायचं पत्रक: अपेक्षा कोणत्या, नियम कोणते आणि ते का

प्रश्न असा: एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात डेव्हलपमेंटल बायॉलॉजी (विकासजीवशास्त्र, म्हणजे भ्रूणापासून शरीर कसं घडतं याचा अभ्यास) पहिल्यांदाच शिकवायला आलं आहे. थिअरी ४ क्रेडिट, प्रॅक्टिकल २ क्रेडिट, वर्गात २० विद्यार्थी. पहिल्या दिवशी अपेक्षा आणि नियमांचं पत्रक द्यायचं आहे. त्यात काय लिहावं आणि कुठे ठाम राहावं?

पत्रकात विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुन्हा छापू नका, तो विद्यार्थ्यांकडे असतोच. पत्रक दोन पानांचं ठेवा आणि प्रत्येक नियमाशेजारी त्याचं कारण लिहा. ‘७५ टक्के हजेरी बंधनकारक’ एवढंच लिहिलं की मुलं किती तास बुडवता येतील याचा हिशेब मांडतात. त्याऐवजी असं लिहा: गुरुवारी ११ वाजता जे अंडं १८ तासांचं आहे, ते शुक्रवारी ११ वाजता ४२ तासांचं असेल. प्रिमिटिव्ह स्ट्रीक (भ्रूणाचा अक्ष दाखवणारी सुरुवातीची रेष) मागे सरकत जवळजवळ संपलेली असेल, हृदय धडधडू लागलेलं असेल, आणि आदल्या दिवशीची अवस्था त्या अंड्यात पुन्हा पाहता येणार नाही. हे वाचल्यावर हजेरीचा नियम वेगळा समजावावा लागत नाही. या विषयाचे खास नियम दोनच ठिकाणांहून येतात: भ्रूण थांबत नाही, आणि प्रयोगाचा निष्कर्ष हा प्रयोगात जे केलं त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. बाकीचे नियम कोणत्याही विषयाचे असतात तसेच.

तासांचा हिशेब मात्र पत्रकात स्पष्ट द्या. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे ६० तासिका आणि ४ तासांची १५ प्रॅक्टिकल. शिवाय दर तासिकेमागे घरी साधारण २ तास वाचन आणि आकृत्या काढणं अपेक्षित आहे, हेही लिहा. पेशीविज्ञान आणि आनुवंशशास्त्र कच्चं असलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा जास्त लागेल. पहिल्या आठवड्यात २० मिनिटांची, गुण नसलेली चाचणी घ्या. जनुकाच्या प्रवर्तक (प्रमोटर) आणि वर्धक (एन्हान्सर) भागांतला फरक, अप्रभावी (रिसेसिव्ह) आणि प्रभावी (डॉमिनंट) उत्परिवर्तन, पेशींमधला संदेशवहनाचा एखादा साधा मार्ग, एवढंच विचारा. कोणाला काय उजळवावं लागेल ते तिथेच कळतं. हे तिसऱ्या आठवड्यात कळलं तर गॅस्ट्रुलेशन (भ्रूणाचे तीन थर बनण्याची पायरी) शिकवणं सुरू झालेलं असतं आणि मागे वळायला वेळ नसतो.

काय यायला हवं

या विषयात घोकंपट्टी फार सोपी आहे. अवस्थांची नावं, जनुकांची नावं, भ्रूणाच्या थरांपासून बनणाऱ्या अवयवांचा तक्ता पाठ केला की विद्यार्थ्याला विषय आल्यासारखा वाटतो. म्हणून पत्रकातलं सगळ्यात मोठं परिच्छेद ‘अपेक्षा’ या सदरातलं असावं आणि त्यात एकच गोष्ट नीट मांडावी: पुराव्याचे तीन प्रकार ओळखता यायला हवेत. एखादं जनुक एखाद्या जागी, एखाद्या वेळी व्यक्त होतं, हा सहसंबंध. ते काढून टाकलं की रचना बनत नाही, ही आवश्यकता. ते नको त्या जागी चालू केलं की तिथेही रचना बनते, ही पुरेशी असल्याची खूण. या तिन्हींतला कोणताही एक पुरावा दुसऱ्याची जागा घेत नाही.

वर्गात हे उतरवायला कोंबडीच्या पंखाच्या अंकुराइतकं चांगलं उदाहरण नाही. अंकुराच्या मागच्या कडेचा तुकडा पुढच्या कडेला लावला तर बोटं आरशातल्या प्रतिमेसारखी दुहेरी येतात. साध्या पंखात २-३-४ असा क्रम असतो, तो ४-३-२-२-३-४ होतो. हा १९६८ मधला सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांचा प्रयोग. १९८२ मध्ये चेरिल टिकल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या तुकड्याऐवजी रेटिनॉइक आम्लात भिजवलेला मणी लावला तरी तोच परिणाम मिळतो. इथे थांबा आणि वर्गाला विचारा: मग अंकुरात बोटं ठरवणारा नैसर्गिक संदेश रेटिनॉइक आम्ल आहे हे सिद्ध झालं का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. पण मण्याने फक्त एवढं दाखवलं की बाहेरून दिलेलं आम्ल पुरेसं ठरतं. ते तिथे त्या मात्रेत मुळात असतं का, आणि काढलं तर काय होतं, हे त्या प्रयोगाने सांगितलेलं नाही. १९९३ मध्ये सॉनिक हेजहॉग जनुक त्या मागच्या कडेलाच व्यक्त होताना सापडलं, ते व्यक्त करणाऱ्या पेशी पुढे लावल्यावर बोटं दुहेरी आली, आणि रेटिनॉइक आम्लाचा मणी आपल्या शेजारच्या पेशींत हेच जनुक चालू करतो असं दिसलं. ते जनुक नसलेल्या उंदरात पायाची टोकाकडची रचना जवळजवळ नाहीशी होते. आता तिन्ही प्रकारचे पुरावे एका रेणूकडे बोट दाखवतात. विद्यार्थ्याला ही साखळी स्वतः मांडता आली पाहिजे. निष्कर्ष तेवढा पाठ करून भागणार नाही, हे पत्रकात लिहा आणि परीक्षेतही पाळा.

तसंच स्पेसिफिकेशन आणि डिटर्मिनेशन यांतला फरक व्याख्येने विचारू नका. पेशींचा गट तटस्थ माध्यमात एकटा वाढवला आणि त्याने ठरलेलंच रूप घेतलं, तर तो स्पेसिफाय झालेला आहे. तोच गट भ्रूणाच्या दुसऱ्या भागात, वेगळे संदेश मिळणाऱ्या जागी लावूनही आपलं रूप सोडत नसेल, तर तो डिटर्मिन झाला. फरक प्रयोगाच्या रचनेत आहे. प्रश्नही तसाच काढा: प्रयोगाची आकृती द्या, दोन निकाल द्या, प्रत्येकावरून काय म्हणता येईल ते दोन वाक्यांत लिहायला सांगा.

१९२४ चा श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा प्रयोग शिकवताना दाता सॅलमँडर फिकट रंगाचा आणि यजमान गडद रंगाचा का घेतला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. रंगाचा फरक नसता तर दुसऱ्या अक्षातला नोटोकॉर्ड मुख्यतः दात्याच्या पेशींचा आणि चेतानलिका बहुतांशी यजमानाच्या पेशींची, हे सांगताच आलं नसतं. मग लावलेल्या तुकड्याने शेजाऱ्यांना ‘प्रेरित’ केलं की तो स्वतःच वाढून दुसरं शरीर झाला, हे कळायला काही मार्ग उरला नसता. प्रयोगातलं नियंत्रण म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं कमी आहेत.

‘अमुक जनुक डोळ्यासाठी असतं’ अशा वाक्याला पूर्ण गुण मिळणार नाहीत, हेही आधीच सांगून टाका. कुठे, कधी, कोणत्या प्राण्यात आणि काय केल्यावर काय झालं, एवढं वाक्यात यायला हवं. सीएसआयआर नेट या प्राध्यापकपद-संशोधनवृत्तीच्या पात्रता परीक्षेत, लाइफ सायन्सेसमध्ये पाचवा घटक हाच आहे आणि तिथल्या ‘सी’ भागातले प्रश्न नेमके असेच असतात. त्यामुळे मुलांची तक्रार फार काळ टिकत नाही.

आणखी एक अपेक्षा सहसा कोणी लिहीत नाही: त्रिमितीत विचार करणं. गॅस्ट्रुलेशन आणि न्युरुलेशन (चेतानलिका बनणं) फळ्यावरच्या आकृतीतून कळत नाही. तीन रंगांची प्लॅस्टिसिन आणायला सांगा. प्रत्येकाने थर करून दुमडायचे आणि सुरीने आडवा छेद घेऊन तो वहीत काढायचा. एका तासिकेचं काम आहे, पण सेक्शन (भ्रूणाचे पातळ छेद) वाचताना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कोणत्याही व्हिडिओचा होत नाही.

प्रॅक्टिकलचं वेळापत्रक उलटं मांडा

पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरच्या प्रयोगांचं काम उभं केलं. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत चिक एम्ब्रियोला आजही मानाचं स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. अंडी स्वस्त असतात, भ्रूण नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, आणि हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये ठरवलेल्या ४६ अवस्थांशी ताडून पाहता येतो.

प्रॅक्टिकल गुरुवारी किंवा शुक्रवारी ठेवा, सोमवारी नको. गुरुवारी ११ ला ७२ तासांचा भ्रूण हवा तर अंडी सोमवारी ११ ला ठेवावी लागतात, ४८ तासांसाठी मंगळवारी ११ ला, २४ तासांसाठी बुधवारी ११ ला, १८ तासांसाठी बुधवारी संध्याकाळी ५ ला. सोमवारच्या प्रॅक्टिकलला हीच कामं शुक्रवार ते रविवार होतात आणि कुलूपबंद विभागात कोणी नसतं. ३३ तासांच्या भ्रूणाचा हिशेब रात्री २ वाजता येतो. तिथे अंडी मंगळवारी रात्री ९ ला ठेवा. ३८ तासांतही साधारण १० सोमाइटचा (पाठीच्या कण्याच्या जागी दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या ठोकळ्यांच्या १० जोड्यांचा), म्हणजे दहाव्या अवस्थेचा भ्रूण मिळतो आणि शिकवायला तोच पुरतो. थंड अंडं उबेला यायला दोन-तीन तास जातात, म्हणून लहान अवस्थांसाठी तेवढा वेळ आधी धरा. १८ तासांच्या अंड्यात दोन तासांची चूक म्हणजे वेगळीच अवस्था, ७२ तासांच्या अंड्यात ती जाणवतही नाही.

अंडी किराणा दुकानातून आणायची नाहीत, हे पत्रकात ठळक लिहा. मुलं आणतात. ती अंडी अफलित असतात, चार दिवस उबवली तरी काही दिसत नाही. ब्रीडर फार्ममधून किंवा हॅचरीतून फलित अंडी घ्या. ती १३ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि आठवड्याच्या आत वापरायची. घरगुती फ्रिज जास्त थंड, आणि मार्च-एप्रिलमधली खोली जास्त गरम. विदर्भ-मराठवाड्यात ही अडचण फेब्रुवारीच्या शेवटीच सुरू होते. खोलीतल्या उष्णतेने विकास अर्धवट सुरू होतो, मग विस्कटलेले आणि वेगवेगळ्या अवस्थांचे भ्रूण निघतात. त्यामुळे सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर कोंबडीची सगळी प्रॅक्टिकल पहिल्या दोन महिन्यांत उरका. हायड्रा (गोड्या पाण्यातला छोटा प्राणी) आणि फळमाशी बीओडी इन्क्युबेटरमध्ये (थंडही ठेवता येणाऱ्या तापमान-कपाटात) राहतात, ती नंतर घ्या.

संख्येचा अंदाज असा: २० विद्यार्थी, १० जोड्या, प्रत्येक जोडीला दर अवस्थेचे २ भ्रूण. अफलित आणि फुटलेली धरून एका अवस्थेला अडीच डझन अंडी पुरतात. इन्क्युबेटर ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, आत पाण्याचा उथळ ट्रे. अंडं आडवं ठेवायचं आणि वरच्या बाजूला पेन्सिलने खूण, क्रमांक आणि वेळ लिहायची. मार्कर पेनची शाई कवचातून झिरपते, ती वापरू नका. वीज गेली तर दार उघडायचं नाही. किती वेळ गेली आणि परत आली तेव्हा तापमान किती होतं, एवढं दारावरच्या तक्त्यात लिहायचं. अंडी ठेवण्याची पाळी विद्यार्थ्यांना आळीपाळीने द्या. जो अंडी ठेवतो त्याला वेळेचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही.

भ्रूण बाहेर काढण्याचं द्रावण म्हणून हॉवर्ड रिंगर पुरतं: १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम क्लोराइड ७.२ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.१७ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम. ते ३७-३८ अंशांना कोमट असावं. गार द्रावणात हृदय मंदावतं आणि विद्यार्थी भ्रूण मेला म्हणून टाकून देतात. फॉस्फेट बफर मिसळायचा असेल तर कॅल्शियम शेवटी आणि विरळ करून घाला, एरवी साका बसतो.

अंडं द्रावणात बुडवूनच फोडायचं. बलक फिरून ब्लास्टोडर्म (बलकावरची भ्रूणाची चकती) वर आली की मधोमध सव्वा ते दीड सेंटीमीटर भोक असलेलं फिल्टर पेपरचं कडं तिच्यावर ठेवायचं, कड्याच्या बाहेरून कात्रीने गोल कापायचं आणि कड्यासकट उचलायचं. भ्रूण सुटून जातो तो बहुतेक वेळा कापणं अपुरं राहिल्यामुळे, एक बाजू बलकाला धरून ठेवते आणि उचलताना पडदा फाटतो. बलक धुतल्यावर बूइन (भ्रूण टिकवणारं द्रावण) टाकायचं तेही एकदम ओतायचं नाही. आधी कडेने थेंब-थेंब, म्हणजे भ्रूण सपाट राहतो. बूइन म्हणजे संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ मि.ली., फॉर्मॅलिन २५, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५. पिक्रिक आम्लाची बाटली सुकू द्यायची नाही, सुकलेलं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं. ही सूचना बाटलीवर आणि पत्रकावर दोन्हीकडे हवी. फॉर्मॅलिनचं काम फ्युम हूडमध्ये, नाहीतर निदान खिडक्या उघडून आणि हातमोजे घालून.

नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये पिवळेपणा जाईपर्यंत धुणं, बोरॅक्स कार्माइनने रंगवणं, आम्लयुक्त अल्कोहोलने जादा रंग काढणं, ९० आणि १०० टक्के अल्कोहोल, झायलीन, आणि शेवटी डीपीएक्स (स्लाइडवर काच चिकटवणारं द्रव्य). झायलीन दुधाळ झालं तर पाणी राहिलंय, परत शुद्ध अल्कोहोलमध्ये न्या. स्लाइड काळपट येते ती बहुधा रंग काढण्याची घाई केल्यामुळे, आणि सोमाइट मोजता येत नाहीत तेही त्यामुळेच.

जर्नलबद्दल ठाम राहा

वरच्या वर्गाच्या जर्नलवरून आकृत्या उतरवण्याची सवय सगळीकडे आहे. धाक दाखवून ती जात नाही. जर्नलची मागणीच बदलायला हवी. प्रत्येक आकृतीखाली ही माहिती अनिवार्य करा: अंड्याचा क्रमांक, ठेवल्याची आणि काढल्याची वेळ, इन्क्युबेटरचं तापमान, मोजलेले सोमाइट, त्यावरून ठरवलेली अवस्था, आणि अपेक्षेपेक्षा वेगळं काय दिसलं. अवस्था तासांवरून ठरवायची नाही, सोमाइटवरून ठरवायची. ७ सोमाइट म्हणजे नववी, १० म्हणजे दहावी, १३ म्हणजे अकरावी, १६ म्हणजे बारावी. तास आणि अवस्था जुळत नसेल तर त्याचं संभाव्य कारण एका ओळीत लिहायचं: अंडं जुनं होतं, दार उघडं राहिलं, वीज गेली. ज्या जर्नलमध्ये प्रत्येक भ्रूण पुस्तकातल्यासारखा आहे, त्याला कमी गुण द्या. भ्रूण दिसला नाही किंवा फाटला तर तसं लिहिणाऱ्याचे गुण कापू नका. हे एकदा पाळलंत की उतरवण्यात अर्थच राहत नाही.

मोबाइलने सूक्ष्मदर्शकातला फोटो काढायला परवानगी द्या, पण पेन्सिलची आकृतीही हवी. फोटो काढताना माणूस पाहत नाही, काढताना पाहावं लागतं. आकृतीखाली ‘१०० पट’ लिहिलेलं चालणार नाही. स्टेज मायक्रोमीटरवरून आयपीसमधली पट्टी मोजून मापरेषा काढायची. हे काम प्रत्येक सूक्ष्मदर्शकासाठी एकदाच करावं लागतं.

सेक्शनच्या बाबतीत एक धोक्याची जागा आधीच सांगा. ४८ तासांनंतर डोकं पुढे वाकतं आणि भ्रूण डाव्या कुशीवर वळू लागतो. त्यामुळे एकाच आडव्या छेदात कानाच्या पुटिकेसह मागचा मेंदू आणि त्याच्या समोर पुढचा मेंदू असे दोन्ही दिसतात. विद्यार्थी एकाला मेंदू आणि दुसऱ्याला भलतंच काहीतरी म्हणतात. छेद कुठल्या पातळीचा आहे ते पूर्ण भ्रूणाच्या आकृतीवर रेष मारून दाखवल्याशिवाय सेक्शनला गुण नाहीत, असा नियम ठेवा.

हायड्राचं पुनर्जनन आणि फळमाशीच्या इमॅजिनल डिस्क (अळीतल्या, पुढे पंख-पाय बनणाऱ्या पेशींच्या चकत्या) यांचं वेळापत्रकही असंच उलटं मोजा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरीच वर्षं काम झालं आहे, आणि शिकवायलाही हा प्राणी उत्तम. कापण्याआधी २४ तास उपाशी ठेवायचा, एरवी जखमेतून अन्न बाहेर येऊन पाणी सडतं. १८ ते २० अंशांना ठेवलं तर शुंडकांचे अंकुर ३६ ते ४८ तासांत येतात, म्हणून बुधवारी कापा आणि शुक्रवारी बघा. नळाचं पाणी नको, तांब्याचा अंशही हायड्राला मारतो. साबणाने धुतलेली भांडीही नकोत. फळमाशी २५ अंशांना सुमारे दहा दिवसांत चक्र पूर्ण करते, आणि डिस्कसाठी लागणाऱ्या, बाटलीच्या भिंतीवर चढणाऱ्या तिसऱ्या टप्प्याच्या अळ्या पाचव्या दिवसाच्या आसपास मिळतात. ३० अंशांच्या वर नर वांझ होतात, म्हणजे एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलेल्या बाटल्यांतून पुढची पिढी येणार नाही.

प्राण्यांबाबतचे नियम

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०११ मध्ये प्राणिशास्त्रातली विच्छेदनं टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये त्या आणखी कडक केल्या. विभागाच्या डिसेक्शन मॉनिटरिंग कमिटीसमोर किती अंडी, कुठल्या अवस्थेपर्यंत आणि कशासाठी, हे सत्राआधीच लेखी ठेवा आणि मंजुरीची तारीख पत्रकावर लिहा. ७२ तासांपुढे भ्रूण वाढवायचा नाही, आणि प्रॅक्टिकल संपल्यावर उरलेलं एकही अंडं इन्क्युबेटरमध्ये विसरायचं नाही. न उघडलेली अंडी आधी गोठवायची, मग जैविक कचऱ्यात टाकायची. उबवलेलं अंडं खाण्यासाठी घरी न्यायचं नाही. प्रयोगशाळेत खाणं-पिणं नाही, हात साबणाने धुवायचे, कारण कवचावर साल्मोनेला असू शकतो.

ज्या विद्यार्थ्याला धार्मिक किंवा वैयक्तिक कारणाने अंडी उघडायची नाहीत, त्याला कारण वर्गासमोर सांगायला लावू नका. पहिल्या दोन आठवड्यांत लेखी कळवलं की त्याने तयार स्लाइड आणि क्रमवार सेक्शनवर तेवढंच काम करायचं, गुण तेवढेच. मात्र काम सोपं नसावं. तयार सेक्शनवरून पूर्ण भ्रूणाची पुनर्रचना करणं बऱ्याचदा जास्त अवघड असतं. लाल-हिरवा रंग न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दुहेरी रंगाच्या स्लाइडऐवजी एकरंगी स्लाइड ठेवा. व्हायवात रंगावरून प्रश्न विचारू नका.

गुण, उशीर, नक्कल

अंतर्गत ५० गुण हाताशी असतील तर माझा आग्रह असा: दोन लेखी चाचण्या प्रत्येकी १५, दोन्हींत किमान निम्मे गुण न पाहिलेल्या प्रयोगाच्या अर्थासाठी. आठवड्याची पाच मिनिटांची छोटी चाचणी, १० पैकी उत्तम ८ धरून १० गुण. शोधनिबंधावर चर्चा १० गुण. दोन छोट्या चाचण्या आपोआप गळतात, त्यामुळे आजारपण, घरचं लग्न, गावची जत्रा अशा प्रत्येक कारणासाठी अर्ज घ्यावा लागत नाही आणि कुणाचं कारण खरं हे ठरवायची वेळ येत नाही. बुडालेल्या प्रॅक्टिकलला ‘पुन्हा करून देतो’ असं वचन देऊ नका, अंडी पुन्हा ठेवणं म्हणजे सगळ्यांचं वेळापत्रक हलवणं. त्याऐवजी विभागात जपलेला भ्रूण किंवा स्लाइड आठवड्याच्या आत पाहून जर्नल पूर्ण करायचं. अशी सूट दोनदा मिळेल. वैद्यकीय कारण असेल तर ती मर्यादा लागू नाही. जर्नल दर आठवड्याला सही करून घ्यायचं. सत्राच्या शेवटी एकगठ्ठा सबमिशन घेऊच नका, कारण तेव्हा तपासलं जात नाही, नुसती सही होते. गुणांबाबत शंका असेल तर सात दिवसांत लेखी, कोणता मुद्दा आणि का, एवढं लिहून.

शोधनिबंध दर पंधरवड्याला एक, आणि तो आकृतीवार वाचायचा. प्रत्येक आकृतीला तीन प्रश्न: काय केलं, नियंत्रण कोणतं, आणि यातून काय म्हणता येत नाही. सारांश स्वतःच्या वाक्यांत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. पण तो आकडा म्हणजे तेवढं उचलायची मुभा, असा समज मुलांत असतो, तो दूर करा. नक्कल केलेली आकृती कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही, तिच्यासाठी वरचा अंड्याच्या क्रमांकाचा नियमच कामाला येतो. एआय वापराबाबत लिहून ठेवा: इंग्रजी सुधारण्यासाठी चालेल, तसं नमूद करायचं. आकृतीचा अर्थ लावण्यासाठी नाही. ही साधनं कोंबडी आणि उंदीर यांची माहिती एकमेकांत मिसळतात, आणि नसलेले संदर्भ देतात. प्रत्येक लेखी कामानंतर दोन मिनिटं तोंडी विचारलं की कुणी विचार केलाय ते स्पष्ट होतं.

मराठीत बोलायला मोकळीक द्या. उत्तरपत्रिका इंग्रजीत असली तरी प्रयोगाचा तर्क आधी मराठीत नीट सांगता आला तर तो इंग्रजीत उतरतो. उलट क्रमाने पाठ केलेली वाक्यं येतात.

वर्गात बोलताना

जन्मजात व्यंगांचा भाग आला की वर्गातल्या कुणाच्या तरी घरात ते असतं, हे धरून चाला. फाटलेल्या ओठाचा संबंध ग्रहणात काही कापण्याशी जोडणाऱ्या घरांतून अनेक मुलं येतात. त्यांच्या आईचं किंवा आजीचं हसं होईल असं बोलू नका. वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन बाजूंचे उंचवटे जुळून बनतो, ते का जुळत नाहीत यात जनुकं आणि परिस्थिती दोन्ही येतात, एवढं नीट शिकवलं की आईवरचा दोष आपोआप गळतो. चेतानलिका फलनानंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं कळायच्या सुमारास. म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यायला सांगतात. हे विद्यार्थिनींनी आणि विद्यार्थ्यांनीही माहीत करून घ्यावं. मात्र कुणाचा वैयक्तिक सोनोग्राफी अहवाल वर्गात आणायचा नाही, शिक्षकाने त्यावर सल्ला द्यायचा नाही, त्यासाठी डॉक्टर. सादरीकरणात घरच्या सोनोग्राफीच्या प्रतिमा वापरू नयेत, हा नियम लेखी असू द्या.

शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक १० वाजता येतात आणि अनेकदा १२ ला सुरुवात होते, तोवर १८ तासांचा भ्रूण २० तासांचा झालेला असतो. म्हणून परीक्षेची अंडी एकाच वेळी ठेवू नका, तीन तासांच्या अंतराने तीन गट ठेवा आणि प्रत्येक अंड्यावर गट लिहा. सोबत आधी जपलेले सगळ्या अवस्थांचे चार-चार भ्रूण हाताशी असू द्या. विद्यार्थ्याला कोणतं अंडं मिळालं यावर गुण ठरणार नाहीत, मिळालेल्या अंड्यात काय आहे ते त्याने कसं ओळखलं यावर ठरतील, आणि अंडं अफलित निघालं तर लगेच दुसरं मिळेल आणि गेलेला वेळ वाढवून दिला जाईल, हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लेखी कळवा आणि परीक्षकांनाही तोच कागद द्या.